मागच्या वर्षीचा पांगारा

ईश्वर: आणि मुर्ध्याच्या वळणावर? तिथे काय?

गिरिजा: वळणावर पांगारा फुललाय. लालभडक. पान एक नाही, नुसती फुलं. साळुंक्यांची शाळा भरली होती त्याच्यावर.

ईश्वर: साळुंक्यांची शाळा.

गिरिजा: हो ना, कसला कलकलाट. थांबा, आधी तुमची कूस बदलते, मग चहा टाकते. हात माझ्या गळ्यात टाका. अहो, चांगला हात टाका, तो नको.

ईश्वर: आणि राईत? आंब्याला मोहोर?

गिरिजा: आहे की. देवळामागच्या झाडाला. अर्ध्याला आहे, अर्ध्याला नाही. पाय सैल सोडा हो, मला एकटीला नाही ओढवत.

ईश्वर: आज सव्वीस फेब्रुवारी ना?

गिरिजा: असेल. मला वार आठवत नाही, तुम्ही तारीख काय विचारताय.

ईश्वर: गिरिजा, तो पांगारा तोडला. दसऱ्याच्या आधी, गटाराचं काम काढलं तेव्हा. मी तिथे उभा होतो. घरी येऊन जेवलो नव्हतो त्या दिवशी.

गिरिजा: मग दुसरा असेल.

ईश्वर: दुसरा नाही तिथे. आणि साळुंक्यांची शाळा हे तुझे शब्द नाहीत. तू मैना म्हणतेस.

गिरिजा: म्हटलं असेल एखाद्या दिवशी. त्यात काय एवढं?

ईश्वर: स्वयंपाकघरात नव्या कॅलेंडरच्या मागे मागच्या वर्षीचं टांगलेलं आहे. सव्वीस तारखेच्या चौकोनात हे सगळं मी लिहिलंय. अर्ध्या झाडाचा मोहोर पण त्यातच. तेव्हा हा हात चालत होता. तू रोज त्या त्या तारखेचं वाचून मला सांगतेस.

गिरिजा: लोक तिथे दुधाचे खाडे लिहितात. तुम्ही पांगारे लिहिलेत.

ईश्वर: तू फिरायला जातच नाहीस.

गिरिजा: नाही जात.

ईश्वर: कधीपासून?

गिरिजा: पहिला आठवडा गेले. देवाशप्पथ गेले. मग एक दिवस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जरा टेकले, तर डोळाच लागला. तळमजल्यावरच्या शुभदाताई बाहेर आल्या. काही विचारलं नाही, हाताला धरून आत नेलं आणि सोफ्यावर आडवं केलं. तेव्हापासून रोज तिथेच. तासभर. त्या टीव्हीचा आवाज बंद करून सिरीयल बघतात माझ्यासाठी.

ईश्वर: मला सांगायचंस.

गिरिजा: काय सांगू? दवाखान्यातून आलात तेव्हा म्हणालात, आता माझ्या वाटचं तू चाल, माझ्या वाटचं बघून ये. डोळ्यात पाणी होतं तुमच्या. त्या माणसाला सांगू, की मला चालायचं नाही, मला झोपायचंय?

ईश्वर: हो. तेच सांगायचं.

गिरिजा: बरं, मग आता सांगते. मला नाही बघायचा तुमचा वसंत. फुलू दे नाहीतर करपू दे. तुम्ही रात्री तीनदा उठवता. तुमची चूक नाही, कळतं मला. पण चौथ्यांदा तुम्ही हाक मारलेली नसते तरी मी उठून बसते. मला एक अख्खी रात्र झोपायचंय. बास. थकले मी, ईश्वर.

ईश्वर: नावानं हाक मारलीस.

गिरिजा: मारली. 'अहो' म्हणायचंही त्राण नाही राहिलं.

ईश्वर: मला माहीत होतं. महिनाभर.

गिरिजा: काय माहीत होतं?

ईश्वर: तू परत येतेस तेव्हा तुझ्या डाव्या गालावर जाळी उठलेली असते. सोफ्याच्या कव्हरची असते तशी. चालून आलेल्या माणसाच्या गालावर जाळी कशी उठेल?

गिरिजा: आणि तरी रोज विचारत होतात? मी खोटं बोलतेय आणि तुम्ही ऐकून घेताय?

ईश्वर: मला ऐकायचं होतं. मागच्या वर्षीचं तर मागच्या वर्षीचं. स्वार्थ होता माझा, दुसरं काय.

गिरिजा: मग आजच का बोललात? त्या पांगाऱ्यासाठी?

ईश्वर: आज गालावर जाळी नाही.

गिरिजा: ताईंकडे पाहुणे होते.

ईश्वर: मग तासभर कुठे होतीस?

गिरिजा: जिन्यात. लोक येत-जात होते, डोळा नाही लागला. वर आले असते तर तुम्ही म्हणाला असतात, एवढ्यात कशी आलीस?

ईश्वर: अरे देवा.

गिरिजा: म्हणून म्हणत होते, त्या वॉर्डबॉय मेल्रॉयला बोलवू या. दवाखान्यात किती छान करायचा तुमचं. चार महिने तुमचं एकच. परका माणूस नको, परका माणूस नको.

ईश्वर: मला लाज वाटते, गिरिजा. तिथे सगळेच तसे पडलेले होते. इथे माझ्या घरात, माझ्याच पलंगावर कुणी मला उघडं करायचं?

गिरिजा: आणि मी केलं तर लाज नाही?

ईश्वर: तुझ्यापुढे कसली लाज? पण ते चुकलंच. फोन लाव त्याला.

गिरिजा: आत्ता? बरं, मी बोलते.

ईश्वर: तू नको. मी बोलतो. स्पीकरवर टाक आणि इथे उशीपाशी ठेव.

(फोन लागतो.)

मेल्रॉय: हा, कोन?

ईश्वर: मेल्रॉय, मी ईश्वर सबनीस. भाईंदरहून. चार नंबरचा बेड.

मेल्रॉय: अरे अंकल! कसे हाय तुमी? फिराया जाता ना? नाताळला तुमीच बोलले, मी आता खाडीपर्यंत चालत जातो म्हनून.

ईश्वर: खोटं बोललो तुला.

मेल्रॉय: म्हंजे?

ईश्वर: मी पलंगावरच आहे. उजवी बाजू हलत नाही. सगळं तुझी काकीच करते. एकटी.

मेल्रॉय: अवं, मंग मला सांगितला न्हाय ते? उत्तनवरून काय लांब हाय? मी आता नाईट करतो, सकाळी मोकळाच. काय करायचा बोला.

ईश्वर: जरा मदत हवी होती. म्हणजे... तसं नाही. नीट सांगतो. मला आंघोळ घालायला माणूस हवाय. भांडं द्यायला, कपडे बदलायला. सगळंच.

मेल्रॉय: बस, येवढाच ना? कवापासून येऊ?

ईश्वर: उद्यापासून. सातला जमेल?

मेल्रॉय: सातला हजर. येऊन बेल मारतो.

ईश्वर: बेल नको मारू. किल्ली खाली शुभदाताईंकडे असते, ती घे आणि हळूच दार उघड. काकी झोपलेली असेल.