कणकेच्या गोळ्या

जर्मनीतल्या एर्लांगेन गावी, प्राण्यांच्या दवाखान्यात देवदत्त मांडीवर मांजर घेऊन बसला होता. शेजारून मराठी कानावर पडलं, तरी त्याने मान वर केली नाही. औषधाची वाट बघत एक सून बसली होती आणि तिचे सासरे. त्यांच्या पायांशी बादली होती. बादलीत वीतभर लांबीचा ऑस्कर मासा.

“बाबा, ऐकलंत ना डॉक्टर काय म्हणाले? कणकेच्या गोळ्यांनी पोट फुगलंय त्याचं.”

“तुझ्या सासूबाई रोज घालायच्या नदीवर. पुण्य लागतं म्हणायच्या.”

“नदी वाहती असते, बाबा. टाकीत उरलेलं तळाशी कुजतं. आता निम्मं पाणी बदलायचं, औषध घालायचं आणि काही दिवस त्याला उपाशी ठेवायचं.”

“अगदी उपाशी?”

“गेनाऊ, अगदी उपाशी. एक गोळीसुद्धा नाही.”

“मग मी मागच्या खोलीत बसत जाईन.”

“का बरं?”

“मी दिसलो की तो काचेशी येऊन तोंड उघडतो. दिवसभर घरात आम्ही दोघंच असतो ना.”

“मागच्या खोलीतलं हीटिंग बंद आहे, बाबा.”

“शाल आहे माझी.”