दोन निळे टॉवेल

औरादच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यातल्या अण्णांच्या मांडीवर दोन निळे टॉवेल होते.

“दवाखान्यात टॉवेल कशाला आणलात?” मी विचारलं.

“डाक्टरला दाखवायचेत. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानं बघितलं की ह्यातला एक हिरवट दिसायलाय. न काढलेल्या डोळ्यानं दोन्ही एकसारखेच निळे.”

“हिरवटच हाय तो.”

“असं कसं, सुभद्रा? आपल्याच कारखान्यातले हायत. बावीस वर्सं रंगाच्या मशीनवर होतो मी. मीठ थोडं थोडं सोडायचं, पाणी हळूहळू तापवायचं, म्हंजे कापड कुठं गडद न्हाई, कुठं फिकं न्हाई.”

“तुमचं कापड कधी डागी निघालं न्हाई. पण कालच्या लॉटचा निळा आजच्या लॉटला जुळंना झालता.”

“लॅबमधली ज्योती हेच म्हणायची. ‘अण्णा, दोन लॉटमधी फरक हाय, पास करू नका.’”

“व्हय. त्या दिवशी जेवला न्हाईत तुमी. ‘माझ्या डोळ्यावर शंका घेतीय’ म्हणून.”

“म्हंजे तुला बी फरक दिसत होता?”

“हे दोन लॉटचे टॉवेल घरी आणलात त्याच दिवशी दिसला.”

“मग बोललीस कामून न्हाई?”

“ती बोलली, तर मालकाला सांगून तिला कामावरनं काढायला लावलात. मी कुठं जाणार होते?”