शिंगणापूरच्या दोन खोल्या

सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्राचार्यसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर आणि संगमनेरच्या या महाविद्यालयातले माझ्या यजमानांचे सर्व सहकारी,

माझे यजमान रविकांत आज इथल्या कार्यालयातून सेवानिवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी मी दोन गोड शब्द बोलावेत, असा आपला आग्रह. गोड सगळं आपणच बोलून संपवलंत. मी उरलेलं बोलते.

नोकरी सांभाळून, पोटाला चिमटा काढून, यांनी शनिशिंगणापुरात दोन खोल्या घेतल्या. भाविकांना द्यायच्या. आपण काही करायचं नाही, भाडं आपोआप येत राहील, असं मला सांगितलं होतं. आता त्या गावात घराला दार लावत नाहीत, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायला हवं का? यांनी रीत पाळली, पडदे लावले. पण लांबून आलेला भाविक विचारणारच, आम्ही दर्शनाला गेल्यावर सामानाकडे कोण बघणार? झालं. शनिवारी कार्यालयाला सुट्टी, आणि हे पहाटेची एसटी धरून तिकडे, पडद्याबाहेर खुर्ची टाकून बसायला. श्रद्धा आहे म्हणून दार लावायचं नाही, आणि देवावर सोडून घरीही यायचं नाही. काय म्हणावं या माणसाला?

आमच्या मनवाचा साखरपुडा शनिवारीच होता. अंगठी घातली गेली आणि मुलीचे वडील स्टँडवर. होणाऱ्या जावयांनी विचारलं, बाबा कुठे गेले? मी पेढ्यांचं ताट पुढे केलं. मनवा कधी बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

वाटलं, निवृत्तीनंतर तरी हे सुटेल. तर परवा जेवताना म्हणतात, फंडातून तिसरी खोली घेऊ, आता वेळच वेळ आहे.

म्हणून मी एक आगाऊपणा केलाय. खोल्यांशेजारी चहाचं दुकान चालवणारे पुंजाराम मागच्या रांगेत बसलेत, त्यांना मी बोलावलंय. ते खोल्या विकत घ्यायला तयार आहेत. फोनवर म्हणाले, "वहिनी, मी तिथंच ऱ्हातो, माझी नजर आपसूक ऱ्हाती. भाऊसाहेबांचं वय न्हाई आता तिथं बसायचं. लई दमत्यात."

अहो, ऐकताय ना? मला भाडं नको. तिसरी खोली तर नकोच नको. मला तुम्ही घरी हवे आहात. इथेच, सगळ्यांसमोर हो म्हणा.

हं. मान हलली. प्राचार्यसाहेब, आपण पाहिलीत ना?

शाल-श्रीफळ देऊन आपण यांचा मान राखलात, त्याबद्दल मनापासून आभार. चारचौघांत नवऱ्याला बोलले, ते चुकलं असेल तर पोटात घाला. येत्या शनिवारी आमच्याकडे चहाला या. हे घरी भेटतील.