टेकडीवरचा संरक्षण करार

हल्ली कुणी लष्करी करारांचा विषय काढला की माझी पोटरी ठणकते, म्हणून जरा बसूनच सांगतो.

आम्ही पाच जण रोज सकाळी टेकडीवर जातो. त्यातले सर निवृत्त प्राध्यापक, विषय राज्यशास्त्र. ते म्हणाले, "या मोठ्या आघाड्यांत एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला. आपणही टेकडीवरच्या कुत्र्यांविरुद्ध तसाच करार करू." पाच काठ्या आल्या.

तिसऱ्याच दिवशी एका कुत्र्यानं माझी पोटरी धरली. वळून पाहिलं, तर चौघंही वीस पावलांवर काठ्या टेकून उभे.

"अहो सर, करार!"

"करारात प्रत्येकानं स्वतःला योग्य वाटेल तेवढीच मदत करायची असते," सर म्हणाले. "आम्ही इथून तीव्र निषेध करतोय."

"तो कुत्र्याला ऐकू जातोय का?"

"ते त्याला विचारा. तुम्ही जवळ आहात."

डॉक्टरांनी पाच इंजेक्शनं सांगितली. आता चिडायचाही कंटाळा येतो हो. मी सरळ सरांना म्हटलं, "आपण पाच, इंजेक्शनं पाच. प्रत्येकी एक घेऊन टाकू."

सर चष्मा पुसत म्हणाले, "असं कसं? कुत्रा तुम्हाला चावलाय."