सहीवाल्या बावीस जणी

“हॅलो?… हॅलो, कोण, वैनी?… मी कौसल्या. बारामतीची. तेलगिरणीतली कौसल्या…”

रिसीव्हर कोणत्या अंगानं कानाला लावायचा, हे पोस्टमास्तरांनी तिला दोनदा दाखवलं होतं. जन्मात पहिलाच फोन, तोही थेट पुण्याला, आणि वेळ तीनच मिनिटं. पलीकडं होती विजयमाला, गिरणीच्या दिवाणजींची बायको. दिवाळी झाली आणि शेठनं गिरणीला कुलूप घातलं. दिवाणजींना मात्र त्यानं आपल्या पुण्याच्या पेढीवर नेलं.

“व्हय, समद्या बऱ्या हायती… न्हाय वैनी, बऱ्या कशाच्या. तीन महिनं पगार न्हाय… ऐका ना. आधी माझं ऐका.”

कौसल्यानं भराभर सांगायला घेतलं. मजूर खात्याचे साहेब सोमवारी पुन्हा येणार होते. मागच्या खेपेला त्यांनी गिरणीच्या फाटकाबाहेर लिंबाखाली बसून बायकांना नीट समजावलं होतं, की मालकाला गिरणी बंद करता येते, पण कामगाराचा हक्क बंद करता येत नाही. राहिलेला पगार द्यायचा, आधी नोटीस द्यायची, आणि जितकी वर्षं राबलात त्या मानानं भरपाईही द्यायची. कौसल्यानं तर शेंगा निवडण्यात अकरा वर्षं घातली होती. बायका हरखल्या. तेवढ्यात शेठच्या वकिलानं एक कागद पुढं केला. ‘आम्ही राजीखुशीनं काम सोडलं, सगळा पगार पोचला.’ खाली बावीस सह्या.

“कुणाच्या म्हंजी? आमच्याच की… तुमीच शिकवलेल्या.”

ते खरंच होतं. जेवणाच्या सुट्टीत पोत्यांच्या थप्पीला टेकून विजयमालानं दोन वर्षं या बायकांच्या हातात पाटी दिली. नुसतं नाव, त्यापुढं गाडी गेली नाही. त्यातल्या नकोशीनं आपलं नाव पहिल्यांदा काढलं तेव्हा ती पाटी कडेवर घेऊन सांगवीला घरी गेली होती. म्हणून दिवाळीच्या तोंडावर विजयमाला कागद घेऊन आली तेव्हा सही करायला झुंबड उडाली. रंगूबाई तर हात धुऊन आली, अक्षर मळायला नको म्हणून.

“शेठ दिवाळीला लुगडी देणार, त्याची यादी हाय म्हणला व्हता तुमी… म्हणला, वैनी. नकोशीचा हात कापत व्हता, तर तुमीच धरला.”

पलीकडून काहीतरी पुटपुटणं आलं.

“न्हाय, मी कुठं दोष देते?… सायेब काय म्हणलं, ऐका. अंगठेवाल्याला कागद वाचून दाखवावा लागतोय. वाचून दाखवला, कबूल हाय, असं लिहून साक्षीदार सही करतो. सहीवाल्याला कोण वाचून दाखवतंय?… म्हणून म्हणते, सोमवारी या. एवढंच सांगा, की ह्यास्नी नाव काढता येतं, वाचता येत न्हाय. बास.”

मग पलीकडून दिवाणजींची नवी नोकरी आली, धाकट्याचा ताप आला, एस.टी.त उलटी होते तेही आलं. कौसल्या “व्हय, व्हय” म्हणत राहिली. मग तिनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“वैनी, एक इचारू?… तुमास्नी तर वाचता येतं. तुमी तरी वाचला व्हता का, त्यो कागद?”

तारेत घूं घूं, मग एक हुंदका.

“हॅलो?… हाय का?… रडू नका. व्हय का न्हाय, एवढंच सांगा…”

“आदल्या दिशीच वाचला व्हता?… बरं.”

तिचा आवाज चढला नाही. दोन वर्षं जिनं बोट धरून अक्षर गिरवून घेतलं, तिच्यावर आवाज चढवायची जिभेला सवय नव्हती.

“न्हाय, आता नका येऊ. सोमवारी मीच सांगंन सायबास्नी, की बावीस जणीत वाचणारी एकबी नव्हती, आणि तेविसावी वाचून आली व्हती… हॅलो?… कोण? तीन मिनिटं झाली?… न्हाय बाई, वाढवू नका. माझं झालं.”

पोस्टमास्तरांनी कॉलची वही पुढं सरकवली, हातात टाक दिला आणि सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं. कौसल्यानं टाक खाली ठेवला. शिक्क्याच्या गादीवर अंगठा दाबला आणि तसाच वहीवर अधांतरी धरला.

“आधी वाचून दाखवा, मास्तर.”