हौसाचा गुडघा

दवाखान्याच्या पडद्याआड हरिहर डॉक्टरांनी कान टवकारले. बाहेर बाकावर बसलेल्या राहीनं हौसाच्या गुडघ्याकडे बघून विचारलं,

"सूज उतरली की गो तुझी! डॉक्टरांचं औषध लागू पडलं?"

"ते केळीला ओतलं. निरगुडीचा पाला तव्यावर गरम केला नि बांधला. चार दिवसांत चालायला लागले."

"मंग आज कशाला आलीस?"

"पाला संपला. निरगुडी डॉक्टरांच्याच कुंपणाला हाय. बाटली भरून नेताना ओच्यात घेऊन जाते."

"आणि डॉक्टरांनी बघितलं म्हंजे?"

"त्यांना कुठली झाडपाल्याची पारख! पण आज बघते तर सगळ्या फांद्या बोडक्या. माझ्याआधीच कोणीतरी हात मारलान."

आत डॉक्टरांनी आपल्या गुडघ्यावरच्या पट्टीतून डोकावणारा पाला घाईघाईनं धोतराखाली झाकला.