मिठाला न भिणाऱ्या गोगलगाया

आमच्या बाबांपुढं गोगलगायीचं नाव काढायची सोय न्हाई. यंदा निलंग्याकडचं आमचं कोवळं सोयाबीन गोगलगायांनीच फस्त केलं. आणि मी लातुरात घरी समुद्री गोगलगाया वाढवायलोय. माशांच्या टाकीत डंख मारणारी समुद्रफुलं, म्हंजे फुलागत दिसणारे जीव, लई माजतात, ती ह्या खातात.

परवा बाबा आले. मी चहा ठेवेपर्यंत त्यांनी वावरात गोगलगायांवर टाकतात तसं मूठभर मीठ टाकीत टाकलं.

"मरंनात की रे ह्या."

"बाबा, समुद्रातल्या हायत त्या. पाणीच मिठाचं हाय."

बाबांचा चहा तसाच राहिला. जाताना मात्र दारात थांबून म्हणाले, "गावाकडं येताना पिशवी झटकून येत जा."